सातबाऱ्यावर नसलेली वाट

आमच्या वाडीतून दर्यावर जायला एक वाट होती. दोन गडग्यांमधून उतरणारी, दोन माणसं जेमतेम जातील एवढी. खालच्या माडबागांत जायचं ते तिनेच. रापणकर तिनेच जायचे, गणपतीही तिनेच दर्यावर जायचे. आज तिथे चिऱ्यांची भिंत आणि लोखंडी गेट आहे.

गेटवरचा राखणदार विचारतो, "कोणाकडे जायचंय?" डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली आमची शेजारीण त्याला म्हणाली, "कोणाकडे म्हणजे? दर्याकडे! आमी खंयसून जावचा?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ती आता लांबचा वळसा घालते. किनारा पायी बघायला येणारी शहरातली पोरंही त्या गेटवरूनच परत फिरतात.

1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. पर्यटन हवंच, आमच्या पोरांना त्यात काम मिळतं. पण गेटच्या आत खोली घेणाऱ्याला दर्या आणि वाडीला भिंत, हा कुठला न्याय?

घेणाऱ्याने पैसे मोजून जमीन घेतली, चोरी केली नाही. पण जमिनीबरोबर लोकांची वाट विकत मिळत नाही. 1882 चा सुखाधिकाराचा कायदा म्हणतो, 20 वर्षं उघडपणे, हक्काने, विनाअडथळा वापरलेल्या वाटेवर वापरणाऱ्याचा हक्क तयार होतो. शेताबागेची वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. अर्ज मात्र सहा महिन्यांच्या आत करायचा. आणि आपण सहा महिने "बघूया रे" म्हणण्यातच घालवतो.

गेटवाले म्हणतात, लोक कचरा टाकतात, बाटल्या फोडतात. खरं आहे. त्यांना पकडा, दंड करा. स्कॉटलंडने 2003 साली कायदा करून लोकांना दुसऱ्याच्या बहुतेक जमिनीतून चालायचा हक्क दिला; अट एकच, नीट वागा. तिथे जमतं, मग पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या परड्यातून ये-जा करणाऱ्या आम्हाला का जमू नये?

आता आमचा दोष. ही जमीन आमच्याच भावकीने विकली. खरेदीखतावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. त्यात चतुःसीमा होती, विहीर होती, माड मोजून लिहिले होते. वाटेचा एक शब्द नव्हता, आणि मला ते खटकलंही नाही. आमच्याकडे वाट शेजारधर्मावर चालायची, ती कागदावर कोण लिहील? पण शेजारी बदलला की शेजारधर्म संपतो, उरतो तो कागद.

म्हणून सांगतो, जमीन विकायचीच असेल तर वाट खरेदीखतात लिहा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात तिची नोंद करून घ्या. ग्रामसभेत गावनकाशा उघडा आणि आपल्या वाटा त्यावर आहेत का, ते डोळ्यांनी बघा. नसतील तर आजच बोला.

भिंत उभी राहून चार महिने झाले. माझीही माडबाग खाली आहे, म्हणून अर्ज मीच लिहिला. वाडीत सोळा घरं आहेत, सह्या आल्यात पाच. बाकीचे म्हणतात, कशाला वाईटपणा घ्या? अरे, वाईटपणा ज्याने भिंत घातली त्याने घेतलाय. आपण फक्त वाट मागतोय.