सिम्प्युटर ‘फसला’ म्हणण्यापूर्वी
खिशात मावणाऱ्या लिनक्स उपकरणांची तुलना निघाली की २००५च्या नोकिया ७७०चे कौतुक होते आणि बंगळुरूच्या सिम्प्युटरची ‘फसलेला प्रयोग’ म्हणून बोळवण होते. हा न्याय नव्हे. नोकियाने ८०० × ४८० बिंदूंचा सुरेख रंगीत पडदा दिला. मात्र वाय-फाय अथवा ब्लूटूथचा मोबाइल जवळ नसेल तर इंटरनेट नाही. भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांनी एन्कोअर कंपनीसह आखलेल्या सिम्प्युटरने मूळ आराखड्यात पडदा साधा ठेवून स्मार्टकार्डाची खाच दिली: यंत्र साऱ्या गावाचे, माहिती ज्याची त्याच्या कार्डावर. वैयक्तिक मालकीच्या बाजारात ही काटकसर उणीव ठरली, इतकेच. २००४मध्ये त्याची किंमत सुमारे १०,००० रुपये होती. ती शेतमजुराने मोजावी अशी अपेक्षाच चुकीची. सामायिक यंत्राची खरेदी सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवी होती.