खाऱ्या पाण्यातल्या रॉडचे आयुष्य मोजा

संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, शेगाव. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. इथे हापसताना हातपंपाचा दांडा एकदम हलका लागला की रांगेतल्या बायकांना कारण विचारावे लागत नाही. खाली रॉड तुटलेला असतो. नवा रॉड येईपर्यंत घागरी दुसरीकडे जातात. दोष गंजाला दिला जातो. गंज दोषी आहेच, पण एकटा नाही.

इंडिया मार्क-२ पंपाचा रॉड १२ मिलिमीटर जाडीचा. तीन-तीन मीटरचे तुकडे आट्यांनी जोडत तो बोअरमध्ये सोडतात. मिनिटाला ४० वेळा हापसले तर साधारण १२ लिटर पाणी येते. अडीचशे माणसांमागे एक पंप आणि माणशी रोज ४० लिटर हा जुना सरकारी निकष धरला, तर दिवसाला सुमारे ३३ हजार वेळा हापसावे लागते; वर्षाला १ कोटी २० लाखांवर. दर वेळी रॉड ताणला जातो, सैल होतो. अशा ताणांनीच आट्यांच्या खाचेत केसासारखी भेग पडते.

१९६० च्या दशकात अमेरिकी अभियंते पॉल पॅरिस यांनी या भेगेच्या वाढीचे गणित मांडले. पोलादात भेगेच्या टोकावरचा ताणातला फरक दुप्पट झाला, तर वाढीचा वेग साधारण आठपट होतो. भेग लांबली की टोकावरचा ताणही वाढतो, म्हणून शेवटचा टप्पा फार झटपट उरकतो.

कोरड्या हवेत पोलादाला एक सवलत असते: ताण मर्यादेखाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसते. खाऱ्या पाण्यात ही सवलत संपते. क्लोराइड धातूत बारीक खड्डे पाडते आणि भेग त्यातूनच निघते. खरी अडचण वेळेची आहे. प्रयोगशाळेत नमुना सेकंदाला दहा-वीस वेळा ताणला की चाचणी लवकर संपते, पण पाण्याला भेगेत काम करायला सवड मिळत नाही. हातपंप तर सेकंदाला एकदाही हापसला जात नाही. त्या घाईच्या चाचणीचे आकडे संग्रामपूरला लावले, तर रॉडचे आयुष्य फुगलेले दिसेल.

१९६७ साली ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ जण मेले. मुळाशी होती एका पोलादी दुव्यातली जेमतेम अडीच मिलिमीटरची भेग, गंज आणि ताणाने मिळून वाढवलेली. सांधा उघडल्याशिवाय ती दिसणारच नव्हती. रॉडच्या आट्यांचेही तेच.

म्हणून खारपाणपट्ट्याबाहेरच्या, घाटावरच्या चिखलीतला रॉड आणि घाटाखालच्या संग्रामपुरातला रॉड एकाच मापाने मोजणे चूक आहे. खारपाणपट्ट्यात रॉड तुटायच्या आधी बदलला पाहिजे आणि ती मुदत मोजून ठरवली पाहिजे. ही मोजणी जवळच होऊ शकते: शेगावात १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. रॉडच्या तुटलेल्या तोंडावर भेग कशी सरकत गेली याच्या रेषा, झाडाच्या वलयांसारख्या, अनेकदा उमटलेल्या असतात. त्या वाचणे तिथल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले काम आहे. जिल्हा परिषदेने एवढेच करावे: तुटलेला रॉड भंगारात न टाकता त्याला चिठ्ठी बांधून शेगावला पाठवावा. चिठ्ठीवर गाव, बोअरची खोली, पाण्याचा खारेपणा आणि दोन तारखा, रॉड उतरवल्याची व तुटल्याची.