उगारलेला हात

गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला मुलाकडे होतो. दूध सांडले म्हणून सात वर्षांच्या नातवावर मी हात उगारला. सूनबाईने तो वरच्यावर धरला. म्हणाली, "बाबा, इथे नको."

तिच्या भीतीमागे कायदा आहे. अमेरिकेत आईबापांनी वाजवी मर्यादेत केलेली शिक्षा गुन्हा ठरत नाही. पण अंगावर वळ दिसले, छळाचा संशय आला, तर शिक्षकाला ते सरकारला कळवावेच लागते. खटला होऊन बालछळाचा गुन्हा शाबीत झाला, तर १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येते. तुरुंग टळावा म्हणून गुन्हा कबूल करून प्रोबेशनवर सुटलेला बापही त्यात सापडू शकतो. कबुलीआधी वकिलाने परदेशी अशिलाला हा धोका सांगितलाच पाहिजे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पाडिला खटल्यात बजावले. बँकेत जन्मभर मी खातेदारांना सांगत आलो, वाचल्याशिवाय सही करू नका. तिथे एका सहीने घर उठते.

आणि पोराचे काय? शाळेत खरे बोलले, तर बाप जाईल. खोटे बोलले, तर मार चालूच. एवढे ओझे आपण त्याच्या खांद्यावर टाकतो.

पण मला झोप उडवली ती 'इथे' या शब्दाने. म्हणजे पुण्यात चालले असते? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्या शाळांत मारायला बंदी केली. घरचा हात मोकळाच राहिला. याच नातवाच्या बापाला मी पट्ट्याने मारले आहे. हात आवरायला हद्दपारीची भीती लागावी, ही लाजेची गोष्ट आहे. सकाळी मुलाची माफी मागितली. तीस वर्षे उशीर झाला होता.