अंगठ्याचे पुनरागमन

वडगाव मावळच्या तहसील कचेरीच्या परिसरात कामाच्या कोणत्याही दिवशी एक दृश्य हमखास दिसते. आंदर मावळातून किंवा पवन मावळातून सकाळच्या एस.टी.ने आलेला साठीचा शेतकरी अर्ज भरून देणाऱ्या दुकानासमोर उभा असतो. त्याच्या खिशात चांगला मोबाइल असतो. दुकानातील तरुण म्हणतो, "काका, नंबर आला का बघा." काका मोबाइल सरळ त्याच्याच हातात देतात. तरुण स्वतःच संदेश उघडतो, स्वतःच अंक वाचतो, स्वतःच ते भरतो आणि काकांच्या नावाने एक अर्ज शासनाकडे रवाना होतो. त्या अर्जात काय लिहिले आहे, हे त्या तरुणाला ठाऊक असते आणि शासनाच्या यंत्राला ठाऊक असते. ज्याचा अर्ज, तो मात्र पैसे देतो, पावतीची घडी खिशात घालतो आणि परतीची एस.टी. धरतो.

त्या तरुणाला दोष देण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा तो प्रामाणिकच असतो. परंतु ज्या समाजातील प्रौढ माणसाला स्वतःचे म्हणणे स्वतःच्या अक्षरांत मांडण्यासाठी परक्याच्या प्रामाणिकपणावर विसंबावे लागते, त्या समाजाने स्वतःला साक्षर म्हणवून घ्यावे काय?

जुन्या खरेदीखतांच्या तळाशी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे शब्द असत. त्या निशाणीने किती जमिनी सावकाराच्या घशात गेल्या, हे महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकरी कुटुंबाला सांगावे लागत नाही. साक्षरतेच्या साऱ्या चळवळी त्या अंगठ्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. आज तोच अंगठा सन्मानाने परतला आहे. रास्त भावाच्या दुकानात तो यंत्रावर ठेवावा लागतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ठेवावा लागतो, आणि उरलेला दिवस तो मोबाइलच्या पडद्यावर चित्रे सरकवीत असतो. भातलावणीने आणि भांड्यांच्या राखेने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही, तेव्हा एखादी मावशी पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. अंगठा ही माणसाची ओळख असू शकेल. त्याची संमती आणि त्याचे म्हणणे अंगठ्याने कळत नाही.

मावळात हा प्रश्न जमिनीचा आहे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि लोणावळा, कार्ला, कामशेत, पवनानगर या पट्ट्यातील खाचरांना बंगल्यांचे भाव आले. जमीन महाग झाली की कागदही महाग होतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही खरोखर क्रांती होय. फेरफाराची नोटीस आता 'आपली चावडी' या संकेतस्थळावर पाहता येते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० अन्वये अशा नोंदीवर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. आता विचार करावा. नोटीस संकेतस्थळावर आहे, मुदत धावते आहे, आणि ज्याच्या गटावर ती नोंद होणार आहे तो गृहस्थ त्याच वेळी त्याच मोबाइलवर कुस्तीचा फड पाहतो आहे. त्याच्या हातात साधन आहे, त्याच्या बाजूने कायदा आहे. मात्र ती नोटीस शोधण्याची, वाचण्याची आणि 'सदर नोंदीस माझी हरकत आहे, कारण...' असे चार ओळींचे लेखन करण्याची शक्ती त्याच्यापाशी नाही. सोळाव्या दिवशी ती शक्ती मिळून उपयोग काय?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे लक्ष्य सहा कोटी ग्रामीण नागरिकांचे होते. ३१ मार्च २०२४ रोजी ते संपले, तोवर ६ कोटी ३९ लाख जणांचे प्रशिक्षण झाल्याची आणि त्यांपैकी ४ कोटी ७८ लाख जणांना प्रमाणपत्र मिळाल्याची नोंद झाली. आकडा भव्य आहे आणि हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही योजनेचा साचा पाहिला पाहिजे. वीस तासांचे शिक्षण, प्रत्येक कुटुंबातून एकच व्यक्ती, वय १४ ते ६०, आणि शेवटी पर्यायांतून उत्तर निवडण्याची परीक्षा. साठी ओलांडलेला माणूस दारातूनच परत पाठवला गेला. वास्तविक फसवणूक करणाऱ्यांचे पहिले सावज तोच. घरातून एकालाच प्रवेश असेल तर ते स्थान बहुधा दहावी-बारावीच्या मुलाने घेतले असणार, हे समजण्यास समाजशास्त्राचा अभ्यास नको. आणि पर्याय निवडणे म्हणजे लिहिणे नव्हे. चारांतील एका चौकटीवर बोट ठेवता येते, म्हणून हरकतीचा अर्ज लिहिता येत नाही.

त्यानंतर आलेला 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम या दृष्टीने अधिक शहाणा आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या या कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील कोणासही प्रवेश आहे, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी पन्नास गुण आहेत, आणि डिजिटल साक्षरता जीवनकौशल्यांत समाविष्ट आहे. शिकवणारे स्वयंसेवक असावेत, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. मग स्वयंसेवक कोठे आहेत? २०२३ साली महाराष्ट्रात या कार्यक्रमाच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु शिक्षक येत नाहीत म्हटल्यावर समाजातून किती हात पुढे आले? पदवीधरांनी भरलेल्या तळेगाव-लोणावळ्याच्या सोसायट्यांतून किती आले?

या भूमीला शिक्षणाचे वावडे नाही. राष्ट्रीय शिक्षणाचे व्रत घेतलेले प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय तळेगावातच होते आणि १९१० साली ते इंग्रज सरकारला बंद करावेसे वाटले. त्याहूनही जुना दाखला इंद्रायणीच्या परिसरातच आहे. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले अशी परंपरेची श्रद्धा आहे, ते संताजी जगनाडे व्यवसायाने तेली होते. त्यांची समाधी मावळातील सुदुंबऱ्यास आहे. घाण्याचा व्यवसाय सांभाळून, प्रपंच सांभाळून एका कष्टकरी गृहस्थाने लेखणी हाती घेतली, म्हणून महाराष्ट्राचे धन राहिले. लिहिणे हे फक्त कारकुनांचे आणि पंतोजींचे काम आहे, असे मावळच्या मातीने कधी मानलेले नाही.

महाराष्ट्राने ही लढाई एकदा जिंकत आणली होती. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातील शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचे आणि सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. पुढे ती राज्यभर पसरली. तिच्यातील उणीव नंतर लक्षात आली. अक्षरे शिकलेल्या प्रौढांना रोज वाचण्या-लिहिण्याचे काहीच कारण उरले नाही, तेव्हा अनेकांची अक्षरे पुसली गेली. आज नेमकी ती उणीव भरून निघण्याची संधी आहे. मोबाइल दिवसातून पन्नास वेळा अक्षरे समोर आणतो. तरीही आपण ती संधी चित्रफिती पाहण्यात आणि आलेला मजकूर पुढे ढकलण्यात घालवावी, याला काय म्हणावे?

येथवर वाचून सुशिक्षित वाचकाला हे सारे दूरच्या वाडीचे वर्णन वाटले असेल, तर त्याने आपल्या घरात डोकावावे. मुलगा हिंजवडीत नोकरीला, आई लोणावळ्यात एकटी. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, बँकेचे व्यवहार सारे मुलगा करतो. दूरध्वनी येतो, "आई, आत्ता नंबर आलाय तो वाच बरं." आई चष्मा शोधते आणि सहा अंक वाचून दाखवते. महिन्यातून चार वेळा, वर्षानुवर्षे हेच चालते. मग एके दुपारी बँकेचा अधिकारी म्हणवणारा कोणी परका हेच वाक्य अधिक अदबीने उच्चारतो. आई चष्मा शोधते आणि सहा अंक वाचून दाखवते. नंतर मुलगा तिलाच रागावतो. पण अंक वाचून दाखवण्याची सवय तिला कोणी लावली? चोराने तर फक्त त्या सवयीचा लाभ घेतला. ज्याला आपण सेवा समजतो, ते खरे पाहता वेळ वाचवणे असते. शिकवण्यास एक तास लागतो. स्वतः करून टाकण्यास दोन मिनिटे.

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीविषयी देशाला सावध केले. १९३० हा तक्रारीचा क्रमांक बहुतेकांना माहीत झाला. मात्र तक्रार म्हणजे फक्त फोन नव्हे. केव्हा, कोणाचा दूरध्वनी आला, काय बोलणे झाले, किती रक्कम कोणत्या खात्यातून गेली, हे क्रमाने लिहावे लागते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितले होते की, चूक ग्राहकाची असली तरी त्याने कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे. म्हणजे कळवण्याच्या वेळेला पैशाचे मोल आहे. मुलगा संध्याकाळी घरी येईल तेव्हा लिहू, असे म्हणणाऱ्याचे तेवढे तास बुडतात.

लाडक्या बहिणींचेही तेच झाले. २०२४ साली मासिक पंधराशे रुपयांच्या योजनेचे अर्ज आधी ॲपवर, मग संकेतस्थळावर भरायचे होते. २०२५ साली पुन्हा ई-केवायसी आली, तीत आधार क्रमांक आणि मोबाइलवर येणारे अंक होते. भगिनींनी दोन्ही वेळा दुकानदाराचे, पुतण्याचे, शेजारच्या मुलाचे पाय धरले. वर्षभराच्या अंतराने तीच परीक्षा आली आणि मधल्या वर्षात कोणी शिकवले नाही.

यावर एक हमखास उत्तर मिळते: आता बोलले की मोबाइल आपोआप लिहितो, लेखन शिकून काय करायचे? २०१७ पासून मराठीत ही सोय आहे आणि ती उपयुक्तही आहे. परंतु यंत्राने 'सतरा'चे 'सत्तर' केले, तर ते कोण पाहणार? गट क्रमांकात, रकमेत, तारखेत एवढी चूक पुरेशी असते. ज्याला वाचून तपासता येत नाही, त्याच्यासाठी बोलून लिहिणे म्हणजे पुन्हा निशाणी डावा अंगठाच; यावेळी शेजारी बसलेला लेखनिक यंत्र आहे, एवढाच फरक.

दुसरी सबब इंग्रजीची. मोबाइल शिकायचा तर आधी इंग्रजी यावे, हा समज शिकलेल्यांनीच पसरवला. मराठी माणसे एकमेकांना रोमन अक्षरांत मराठी लिहून पाठवतात, तेव्हा शेजारच्या आजींनी काय समजावे? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या कित्येकांना आपल्याच मोबाइलमध्ये मराठी कळफलक कोठे आहे, हे ठाऊक नाही! संगणकासाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने प्रमाण मानला. त्याची रचना पाहिली तर ती बाराखडी शिकलेल्यासाठीच केली आहे, असे वाटते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. 'क' आणि 'ख' एकाच कळीवर, 'ग' आणि 'घ' एकाच कळीवर. जोडाक्षर हवे तर आधी 'क', मग पाय मोडणारी हलन्ताची कळ, मग 'ष'. समोर 'क्ष' उमटतो. चौथीपर्यंत पाटीवर पाय मोडलेली अक्षरे गिरवलेल्या आजींना हे नातवापेक्षा लवकर उमगेल.

आणि वयाची सबब तर पुढे करूच नये. ८ मार्च २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या आजी शाळेत गेल्या. फांगणे काही परदेशात नाही, याच सह्याद्रीतील गाव आहे.

मावळात हे काम उभे करायचे तर त्याला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. एका कार्यकर्त्याने चार प्रौढ निवडावेत आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सहा महिने बसावे. दहा-वीस जणांचा वर्ग भरवण्याचा मोह टाळावा. छायाचित्र चांगले येते, शिक्षण होत नाही. प्रमाणपत्र देऊ नये. पहिल्या दिवशी मोबाइल शिकणाऱ्याच्या हातात असावा आणि शेवटच्या दिवसापर्यंत तो त्याच्याच हातात राहावा. शिकवणाऱ्याने बोट लावले की तो तास फुकट गेला, असे समजावे. विषय शिकणाऱ्याचा असावा. ज्याची जमीन आहे त्याने सातबारा आणि चावडीची नोटीस वाचावी. जिचे बँकेत खाते आहे तिने व्यवहार रोखण्याचा अर्ज लिहावा. ज्याच्या वाडीला पाणी नाही त्याने ग्रामपंचायतीला पत्र लिहावे. माहिती अधिकाराचा अर्ज तर लेखनाचा उत्तम धडा आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या दुरुस्त नियमांनुसार त्यात एकच विषय आणि दीडशेच शब्द. आपले म्हणणे दीडशे शब्दांत मांडणे अनेक प्राध्यापकांना जमत नाही. खाचरातील माणसाला ते जमू शकते, कारण त्याला शब्द फुगवण्याची सवय नसते.

आवणी आटोपली की श्रावणात मावळातील संध्याकाळी मोकळ्या होतात आणि देवळाचा सभामंडप रिकामाच असतो. वीज गेली तर वहीत लिहावे, आली की मोबाइलवर उतरवावे. पहिले अर्ज २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत तयार होतील. वाडीत रेंज नसेल आणि अर्ज पाठवण्यासाठी खिंडीपर्यंत चढून जावे लागले, तर कार्यकर्त्याने सोबत जरूर जावे. पण 'पाठवा' ही कळ काकांनीच दाबावी.