चुलीपाशी : लुंबिनीची आंबट भाजी

सोनौलीची सीमा ओलांडून आम्ही सहकुटुंब लुंबिनीला गेलो. मुक्काम दोनच दिवसांचा. मायादेवी मंदिर, अशोकस्तंभ डोळे भरून पाहिले. १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच नेपाळात, काठमांडूला आले होते, हे मुलांना तिथेच सांगितले.

खाणावळीत भाताबरोबर गुंद्रुकाचे आंबट कालवण आले. सासूबाई घास घेताच म्हणाल्या, "अगं, हा तर वाळवलेला पाला! आपल्या हरभऱ्याच्या पाल्याचा भाऊच!" आपल्या वस्तीत ही गरिबाची भाजी पाहुण्यापुढे वाढायला बायका लाजतात. तिथे पाहुण्यालाच आग्रहाने वाढत होते.

घरी येताच करून पाहिली. मुळ्याचा पाला (भाजीवाली फुकट देते!) धुऊन एक दिवस सुकवावा, ठेचून कोरड्या बरणीत गच्च दाबावा, आठवडाभर उन्हात ठेवावा. आंबट वास सुटला की कडकडीत वाळवावा. बुरशी दिसल्यास मात्र सरळ फेकावा. करताना मूठभर पाला भिजवून लसूण, कांदा, टोमॅटो, मिरचीच्या फोडणीत भाजलेल्या सोयाबीनसह उकळावा.

येत्या पौर्णिमेला विहारातील भोजनदानात ही भाजी नेणार आहोत. शेजारी हरभऱ्याचा पालाही हवा, असे सासूबाईंनी बजावले आहे.