अस्मिता कुणाच्या बापाची?

जालन्यात स्टेजवर कुणीही चढो, पहिलं वाक्य ठरलेलं : मराठवाडा ही संतांची भूमी. जांब समर्थ आमचं, अंबडची मत्स्योदरी आमची, राजूरचा गणपती आमचा. बरं. या 'आमच्या'त महारवाडा कुठं होता? होता ना! मेलेलं ढोर ओढायला होता, होळीची लाकडं फोडायला होता, मौतीचा सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायला होता. याला गाव धर्म म्हणत होतं. संस्कृती म्हणत होतं.

१९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. गावोगाव आपल्या म्हाताऱ्यांनी देव पाण्यात सोडले, ढोर ओढायचं नाकारलं. भडका तिथं उडाला. गावाला बुद्धाचं काय पडलेलं? ढोर कोण ओढणार, हा सवाल होता. श्रद्धा बदलली की फुकटची मजुरी बुडते दोस्तहो, म्हणून 'धर्मात राजकारण नको' हे मजुरी खाणाराच म्हणतो.

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि लगेच 'मराठवाड्याची अस्मिता' जागी झाली. झोपड्या पेटवत जागी झाली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना ठार मारलं. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही तर निजामाशी झुंजलेली माणसं. पण नामांतराला त्यांचाही विरोधच. अरे, विद्यापीठ १९५८ चं. त्याच्या आठ वर्षं आधी, इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली असताना, औरंगाबादेत मिलिंद कुणी काढलं?

साडेपंधरा वर्षं अडवलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. तेही नामांतर नव्हे, नामविस्तार! 'मराठवाडा' मागं शेपटासारखा तसाच. २०२३ ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, शहर आणि जिल्हा दोन्ही. संभाजीराजांशी आपलं भांडण नाही. पण तेव्हा अस्मितेच्या नावानं किती दलित वस्त्या जळल्या? एकही नाही.

कागदाचा खेळ अजून वेगळा. १९९० पर्यंत केंद्रानं बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या नाहीत. म्हणून घरात त्रिशरण, दाखल्यावर हिंदू महार. पोटासाठी लिहिलेला तो शब्द मोजून आपल्याला हिंदू ठरवलं गेलं. आता कायदा आड येत नाही, सवय येते. २०२७ च्या जनगणनेत जातही मोजणार आहेत. गणक दारात आला की धर्म 'बौद्ध' सांगा, जात वेगळी सांगा. आणि तो मोबाइलवर काय टाकतोय ते डोकावून बघा.