बेरीज पालकांनी ठेवायची

जून २०१९. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं लेकवूड. शनिवारचा दिवस, शाळेचं मैदान, सात वर्षांच्या मुलांचा बेसबॉलचा सामना आणि पंच म्हणून उभा असलेला तेरा वर्षांचा मुलगा. त्याचा निर्णय काही मोठ्यांना पटला नाही. आधी आरडाओरडा झाला आणि बघता बघता मोठी माणसं मैदानात उतरून एकमेकांना गुद्दे हाणू लागली. पोलिसांनी त्याची चित्रफीत जाहीर केली, तेव्हा सारा देश हळहळला.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, टेक्सासमधल्या वेको इथे लिटल लीग या लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेचा विभागीय अंतिम सामना होता. टेक्सासच्या पिचरच्या हातून सुटलेला चेंडू ओक्लाहोमाच्या फलंदाजाच्या डोक्यावर आदळला. हेल्मेट उडालं, मुलगा कोसळला. सावरून तो पहिल्या बेसवर गेला, तेव्हा त्याला दिसलं की चेंडू टाकणारा मुलगा माउंडवर मान खाली घालून रडतो आहे. तो बेस सोडून त्याच्याकडे चालत गेला, त्याला मिठी मारली आणि तू छान खेळतो आहेस, अशी त्याची समजूत काढली.

खेळाकडे कसं बघावं, हे त्या पोराला कुणी समजावून सांगायची वेळ आली नाही. समजावण्याची गरज आहे ती कुंपणाबाहेर खुर्च्या टाकून बसलेल्यांना.

हे लोक दुष्ट नसतात. उलट, पोरासाठी जिवाचं रान करणारेच त्यात जास्त असतात. १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ यांनी आपल्या भाच्यांना आणि गल्लीतल्या मुलांना खेळता यावं म्हणून लिटल लीग सुरू केली. आज तिची जागतिक स्पर्धा दूरचित्रवाणीवर दिसते आणि तिच्या शेजारी ‘ट्रॅव्हल बॉल’ नावाचा वेगळाच पसारा उभा आहे. निवडक मुलांचे खासगी संघ, दर शनिवार-रविवारी दुसऱ्या गावात स्पर्धा, हॉटेल, पेट्रोल, खासगी प्रशिक्षक, महागड्या बॅटी. एकदा एवढा पैसा आणि एवढे रविवार ओतले, की मुलाचा प्रत्येक स्ट्राइक-आउट घरच्यांना तोट्यासारखा वाटू लागतो. नजर ढळते ती इथे.

म्हणून आधी आकडे. अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांत बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम सात मुलं पुढे एनसीएए या संघटनेखालच्या महाविद्यालयांत खेळतात. त्यातल्या वरच्या श्रेणीत शंभरातली दोनच. वर्षानुवर्षं या वरच्या श्रेणीतल्या एका संघाला फक्त ११.७ शिष्यवृत्त्या मिळत आणि त्या पंचवीस-तीस खेळाडूंत वाटल्या जात. २०२५ मध्ये हे नियम बदलले, पण बेसबॉलच्या जोरावर कॉलेजची फी निघेल, हा हिशेब बहुतेक घरांना लागू पडला नाही आणि पडणारही नाही.

पैसा गेला तर परत मिळवता येतो. कोपर तसं नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या कोपरात हाडाची टोकं अजून वाढत असतात. तिथे पक्कं हाड नसतं, मऊ कूर्चा असते. तिच्यावर जोरकस फेकीचा ताण पुन्हा पुन्हा आला, की आतल्या बाजूला दुखू लागतं. या दुखण्याला डॉक्टर ‘लिटल लीगर्स एल्बो’ म्हणतात. मुलगा मोठा झाला की तोच ताण कोपरातल्या अस्थिबंधावर येतो. तो फाटला, तर बहुतेकदा शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली आणि त्याचंच नाव तिला पडलं. त्या वेळी टॉमी जॉन तिशी ओलांडलेला व्यावसायिक खेळाडू होता. पुढे विमा-नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत झालेल्या अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक १५ ते १९ वयाच्या मुलांवर झाल्या होत्या. ही शस्त्रक्रिया केली की चेंडू आणखी वेगात जातो, असा समजही काही घरांत आहे. तो साफ चुकीचा आहे.

उपाय माहीत नाहीत असंही नाही. २००७ पासून लिटल लीगने फेकींवर मर्यादा घातली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकायचे आणि ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यायची. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी मुलांचा दहा वर्षं मागोवा घेतला. वर्षात शंभराहून अधिक इनिंग पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट होता. वर्षातून किमान चार महिने सामन्यांतलं पिचिंग पूर्ण बंद ठेवा, असं ही संस्था सांगते.

पण या नियमांना एक मोठी फट आहे. लिटल लीग आपल्या सामन्यातले चेंडू मोजते, शाळा आपले मोजते, ट्रॅव्हल संघ स्वतःचे. गुरुवारी साठ, शनिवारी सत्तर आणि मध्ये खासगी प्रशिक्षकाकडचे वेगळेच. प्रत्येक वही आपापल्या जागी बरोबर असते. सगळ्यांची बेरीज करू शकेल असा माणूस एकच: रोज मुलाची गाडीतून ने-आण करणारी आई किंवा बाप. फेकीचं तंत्र प्रशिक्षक शिकवेल, दाद प्रेक्षक देतील. बेरीज मात्र घरातच ठेवावी लागते आणि ती भरली, की ‘आज हा टाकणार नाही’ हे संघाच्या रोषाची पर्वा न करता सांगावं लागतं. २०१५ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल होताना जॉन स्मोल्ट्झ याने आपल्या भाषणात पालकांना हेच कळवळून सांगितलं होतं: बेसबॉल हा बारमाही खेळ नाही, मुलांना दुसरे खेळही खेळू द्या. टॉमी जॉन शस्त्रक्रिया होऊन तिथे पोहोचलेला तो पहिला पिचर होता.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात मराठी घरांतली मुलं लिटल लीग खेळतात आणि क्रिकेटवर वाढलेले त्यांचे आईबाबा स्टँडमध्ये बसलेले असतात. इकडे शिवाजी पार्कवर किंवा आझाद मैदानात पहाटे किटबॅग ओढत येणाऱ्या पोराची गोष्टही तीच. शाळा, क्लब, अकादमी, तिघंही आपापली षटकं मोजतात. कोवळ्या वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याला तडा जातो, तो याच न झालेल्या बेरजेतून.

आणि खेळाचा रस्ता एकच असतो, असंही नाही. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर २०१० मध्ये भारताकडून १९ वर्षांखालचा विश्वचषक खेळला. पुढे मुंबईच्या संघात जम बसला नाही, तेव्हा तो कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला गेला. जून २०२४ मध्ये पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर अमेरिकेसाठी टाकली ती त्यानेच, नोकरी सांभाळून.

अमेरिकेत बदलाचे प्रयत्न होत आहेत. न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डच्या लिटल लीगने २०२३ मध्ये नियम केला, की पंचाला शिवीगाळ करणाऱ्या पालकाने आधी स्वतः तीन सामन्यांत पंचगिरी करायची, मगच मैदानावर प्रेक्षक म्हणून यायचं. मेजर लीगचा माजी कॅचर माइक मॅथेनी याने मुलांचा संघ हाती घेण्याआधी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं. मुलाच्या पाठीशी राहा, पण गप्प बसून, हा त्याचा गाभा. सामना संपल्यावर गाडीत बसताना तर हे गप्प राहणं फारच मोलाचं. थकलेल्या, हिरमुसलेल्या मुलाला त्या अर्ध्या तासात चुकांची उजळणी नको असते. त्याला भूक लागलेली असते.

विल्यम्सपोर्टला लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत २०१४ मध्ये ऱ्होड आयलंडचा संघ शिकागोकडून ८-७ असा हरला. मुलं रडत होती. प्रशिक्षक डेव्ह बेलिल यांनी त्यांना गवतावर जवळ बसवलं, माना वर करायला लावल्या आणि माझ्या प्रशिक्षकपदाच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा क्षण तुम्ही मला दिलात, असं सांगून मिठीत घेतलं. जिंकलेला शिकागोचा संघ पुढे अमेरिकेचा विजेता ठरला. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचं विजेतेपद काढून घेण्यात आलं, कारण मोठ्यांनी हद्दीबाहेरची मुलं संघात घेतली होती. मुलांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, आणि तरी गेलं ते त्यांचंच.

विल्यम्सपोर्टच्या त्या मैदानामागे गवताची एक टेकडी आहे. दर ऑगस्टमध्ये मुलं पुठ्ठ्याची खोकी चपटी करून तिच्यावरून घसरत खाली येतात. रात्री देशभर दिसलेला पिचर सकाळी तिथे रांगेत असतो, पुठ्ठा काखेत धरून. त्याचे आईबाप खाली उभे असतात, त्याला परत वर चढताना बघत.